आजोबांचा कोयता, पप्पांची ताटं आणि माझ्या मुलाचे दात

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, फार तर क्रिकेटच्या धाग्यावर एखादी पिंक टाकतो. आज घरचंच गाऱ्हाणं घेऊन आलोय. विषय नाजूक आहे, सांभाळून घ्या.

गेल्या सोमवारी मुलाच्या शाळेतून फोन आला. मुलगा साडेपाच वर्षांचा, केजी टूला. वर्गातल्या एका पोराच्या दंडाला कडकडून चावला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून ही तिसरी खेप. बाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. दंडावर दातांच्या दोन कमानी उमटल्या होत्या आणि खालच्या कमानीत मधोमध फट होती, कारण आमच्या चिरंजीवांचा खालचा दात पंधरा दिवसांपूर्वीच पडलाय. पुरावा पक्का. मला त्या फटीचं हसू आलं आणि नेमकं ते बाईंनी पाहिलं.

परत येताना बायको गाडीत गप्प. डिचोलीचा बसस्टँड मागे पडल्यावर म्हणाली, "तुमच्या घरातलंच आहे हे."

आता ती खोटं बोलली असं म्हणायची माझी छाती नाही. माझ्या आजोबांनी काजूच्या हद्दीवरून सख्ख्या चुलतभावाच्या खांद्यावर कोयता घातला होता. तेव्हा अजून पोर्तुगीज होते. चुलतभाऊ वाचला, आजोबा काही महिने आत जाऊन आले. आमच्याकडे चवथीला सगळे जमले की ही गोष्ट निघतेच, आणि खरं सांगायचं तर थोड्या कौतुकानेच निघते. पप्पांनी कोणाच्या अंगावर कधी हात टाकला नाही, पण भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर जायचं. घरातल्या निम्म्या ताटांच्या कडा चेपलेल्या. पंगत बसली की आई सपाट ताटं पाहुण्यांना वाढायची आणि पोचे पडलेली घरच्यांना. मी लहानपणी समजायचो की ताटं दोन प्रकारची मिळतात.

आणि मी? दोन वर्षांपूर्वी म्हापशाच्या बाजारात पार्किंगवरून बाचाबाची झाली, मी समोरच्या गाडीचा आरसा बुक्कीने फोडला. हातात काच घुसली, वर आरशाचे पैसे भरले. तो आरसा फुटायच्या आधीचा एक क्षण मला आठवतच नाही, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

परवापासून नेटवर वाचतोय. 'योद्धा जनुक' म्हणून काहीतरी असतं म्हणे, एमएओए नावाचं. ते ज्याच्यात, तो डोकं फिरलं की हात उचलतो. हे खरं आहे का? मुलाची तपासणी करून घ्यावी का? आणि निघालंच काही, तर मग मी काय करायचं?

तिरफळ

चावून घेणाऱ्या पोराने आधी काय केलं होतं, ते कोणी विचारलं का? बाकी चालू द्या, शेंगदाणे घेऊन बसलोय.

आबोली

मी फोंड्याला बालवाडीत शिकवते, एकवीस वर्षं झाली. चावणारी मुलं दरवर्षी दोन-तीन असतातच. माणूस सगळ्यात जास्त मारामारी तरुणपणी करतो असं आपल्याला वाटतं. ते चूक आहे. मॉन्ट्रियलच्या रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना असं दिसलं की ढकलणं, मारणं, चावणं दोन ते चार वर्षांच्या वयात शिगेला असतं आणि मग बहुतेकांचं उतरत जातं. मारायला कोणी शिकवावं लागत नाही, न मारायला शिकवावं लागतं. तेव्हा साडेपाचला थोडा उशीर झालाय हे खरं, पण लगेच वंशावळ काढायची घाई नको.

तो कधी चावतो? टिफिनच्या आधी की नंतर? वर्गात की बाहेर? बाईंना एका वहीत तेवढं टिपून ठेवायला सांगा. "रागीट आहे" असं नको, फक्त वेळ, जागा आणि आधी काय घडलं.

डॉक्टरीणबाई

मांडवीकाठ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीत. बहुतेक वर्तमानपत्रंही तेच करतात.

पहिली गोष्ट नेदरलँड्समधली. १९७८ साली नायमेखनच्या इस्पितळात एक बाई आली. तिच्या घराण्यात कित्येक पुरुष थोडे मंदबुद्धीचे आणि भयंकर तापट. कोणी घर पेटवलेलं, कोणी बलात्काराचा प्रयत्न केलेला, एकाने साहेबाच्या अंगावर गाडी घालायला पाहिलेलं. बाईला एवढंच विचारायचं होतं की माझ्या मुलांना हे होईल का. तुमचाच प्रश्न. गंमत म्हणजे त्या घराण्यातल्या एका आजोबांनी १९६२ मध्येच कोण कोण असं वागतं त्याची वंशावळ लिहून ठेवली होती. हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे नेली आणि १९९३ साली कारण सापडल्याचं जाहीर केलं. एमएओए या जनुकात एका अक्षराची चूक होती. त्या चुकीमुळे मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन ही रसायनं मोडणारं विकर त्या पुरुषांत तयारच होत नव्हतं. हा आजार अतिशय दुर्मिळ, जगात अशी मोजकीच घराणी सापडलीत. आणि तिथेही सगळे पुरुष सारखे वागत नव्हते. ब्रुनर स्वतःच पुढे सांगत राहिले की 'आक्रमकतेचं जनुक' असं काही नसतं.

दुसरी गोष्ट 'योद्धा जनुका'ची. जनुक तेच, पण इथे ते बंद पडलेलं नसतं, जरा मंद चालतं एवढंच. हा मंद प्रकार युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असतो. इतके योद्धे असते तर तिकडे बस चालली नसती.

आता तुमच्या कामाचं. एमएओए हे एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. बाप मुलाला वाय देतो, एक्स देतच नाही. तुमची साखळी बघा: आजोबा, पप्पा, तुम्ही, मुलगा. यात एकाही पायरीवर एमएओए खाली उतरू शकत नाही. तुमच्या मुलाचं एमएओए त्याच्या आईकडून आलंय.

फुकटचा सल्लागार

म्हणजे वहिनींच्या माहेरचं निघालं! मांडवीबाब, हे घरी बोलू नका हां. देव बरें करूं.

मांडवीकाठ

उशीर झाला, सांगून बसलो. सासरे आयुष्यभर पोस्टात होते, उभ्या जन्मात त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. जेवण मिळालं. ताट जरा आपटूनच आलं.

हुर्राक

मला एकच शंका. आजोबांचा कोयता नेमका कुठल्या महिन्यात चालला? काजूची हद्द म्हणजे मार्च-एप्रिल, म्हणजे भट्टी लागलेली, म्हणजे हुर्राक, काजूची ताजी दारू. आयडीवर जाऊ नका, मी सात वर्षं झाली सोडली आहे, म्हणूनच विचारतोय.

फिनलंडमध्ये याच्यावर काम झालंय. तिथल्या तुरुंगातले अचानक डोकं फिरून हिंसा केलेले कैदी तपासले. त्यांच्यात सेरोटोनिनशीच संबंधित एचटीआर२बी या जनुकातला एक बिघाड इतरांपेक्षा जास्त आढळला (२०१० साली 'नेचर'मध्ये आलं). तो बिघाड फक्त फिनिश लोकांत सापडतो आणि त्या एवढ्याशा देशात लाखाहून अधिक लोकांत आहे. तो असलेल्या कैद्यांचे बहुतेक गुन्हे दारूच्या नशेत घडलेले. बाकीचे लाखभर लोक गुपचूप आपापली कामं करतात. बिघाड आपल्याकडे नाही, बाटली मात्र आहे.

जनुक बदलता येत नाही, पिणं येतं. हेही गोव्यातच तपासलं गेलंय. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत गावातल्याच प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी चार बैठकांपर्यंत वेळ दिला. तीन महिन्यांनी त्या गटातले ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. दहा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. त्या दहांतला एक मी असतो तर माझ्या घरच्यांना विचारा किती मोठं.

मांडवीकाठ

कुठला महिना ते माहीत नाही. साखळीला आत्ये आहे, एक्क्याऐंशीची. तिला विचारतो.

कोरगुट

डॉक्टरीणबाई, त्या मंद प्रकाराचं आणि लहानपणी मार खाण्याचं काहीतरी आहे ना? तेही लिहा की.

डॉक्टरीणबाई

आहे. न्यूझीलंडच्या डनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांवर तेव्हापासून लक्ष ठेवलंय. त्यातल्या ४४२ मुलग्यांचा अभ्यास कॅस्पी, मॉफिट वगैरेंनी २००२ साली छापला. नुसतं मंद एमएओए असलेल्या मुलांचं काही बिघडलेलं नव्हतं. नुसता मार खाल्लेल्यांचं थोडं बिघडलं. दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं ती मुलं होती फक्त १२ टक्के, पण त्या सगळ्या मुलग्यांत हिंसेसाठी झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर. नंतर इतरांनी हे पडताळून पाहिलं तेव्हा कुठे जुळलं, कुठे नाही. म्हणून मी ते सोन्याच्या अक्षरांत लिहिणार नाही, पण मोडीतही काढणार नाही.

आज चित्र वेगळंच आहे. २०२१ साली सुमारे १५ लाख लोकांची माहिती एकत्र करून स्वतःला आवर घालता न येणं, व्यसनं वगैरेंशी संबंधित जागा शोधल्या. जनुकसंचात ५७९ जागा निघाल्या. एकेकीचं वजन चिमूटभर. एक जनुक, एक स्वभाव, हे प्रकरण संपलं.

कोरगुट

मग मी माझ्या भाषेत सांगतो. आमची खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली. एका वर्षी मानस (बांधातला पाण्याचा दरवाजा) नीट लागली नाही, बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. शेजाऱ्याचं जया जातीचं भात जळून गेलं, आमचं खारं पाणी सोसणारं कोरगुट उभं राहिलं. त्या वर्षी कोणी विचारलं असतं की पिकात फरक कशामुळे, तर उत्तर होतं 'बियाण्यामुळे'. अगदी शंभर टक्के. पुढच्या वर्षी बांध धड, पाणी गोडं. शेजाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त भात झालं. बियाणी तीच होती. मीठ नव्हतं.

त्या डनेडिनच्या पोरांचं मीठ म्हणजे मार, एवढंच मला कळलं. आणि 'रागात आनुवंशिकता इतके टक्के' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या शेतात मोजलं?

डॉक्टरीणबाई

कोरगुट, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते. टक्के विचारलेच आहेत तर: जुळ्या आणि दत्तक मुलांच्या ५१ अभ्यासांची २००२ मध्ये एकत्र मोजदाद झाली. समाजविघातक वागण्यातल्या माणसामाणसांतल्या फरकापैकी ४१ टक्के जनुकांमुळे, १६ टक्के घरातल्या सामाईक वातावरणामुळे, ४३ टक्के ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांमुळे. पण हा आकडा लोकसंख्येतल्या फरकाचा आहे. 'माझ्या रागातला ४१ टक्के आजोबांचा' असा त्याचा अर्थ होत नाही. डेन्मार्कमध्ये चौदा हजारांवर दत्तकांच्या नोंदी तपासल्या होत्या (१९८४). जन्मदाते गुन्हेगार असतील तर चोरीसारख्या गुन्ह्यांचं प्रमाण मुलांत वाढलेलं दिसलं, हिंसक गुन्ह्यांचं तसं दिसलं नाही.

मडगावकर

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एवढी एक म्हण पुरे होती की!

थट्टा बाजूला. माझा मामा धिरयोचे, म्हणजे झुंजीचे, पाडे पाळायचा. १९९६ साली हायकोर्टाने बंदी घातली, त्याच्या आधीची गोष्ट. मामाही वाण बघायचा, नाही म्हणत नाही. कुठल्या गायीचा, कुठल्या पाड्याचा, तोंडपाठ. पण एका वर्षी एकाच गायीचे लागोपाठचे दोन पाडे होते. एक नांगराला गेला, तो पोरांना पाठीवर बसू द्यायचा. दुसऱ्याला वेगळ्या गोठ्यात, इतर गुरांपासून तोडून बांधला. त्याच्याकडे मामाशिवाय कोणी जायचं नाही. शिंगं घासायची, खुराक द्यायचा आणि महिनोन्‌महिने एकटं ठेवायचं. तो शेवटी मामाच्याच अंगावर गेला. मामाची मांडी फाटली, टाके मी मोजलेत. मामा इस्पितळात खाटेवर पडून काय म्हणाला असेल? "रक्तच तसलें ताचें."

फुकटचा सल्लागार

+१. पण बाकी सगळं ठीक, एक डीएनए किट मागवून बघायला काय हरकत आहे? हल्ली थुंकी पाठवली की सगळं कळतं.

डॉक्टरीणबाई

हरकत आहे. राग मोजायची पट्टी कुठल्याही किटात नसते. पाच वर्षांच्या मुलाच्या नावावर एक कागद मात्र कायमचा चिकटेल. तो कागद मग शाळा वाचेल, आजी वाचेल, आणि सोळाव्या वर्षी तो स्वतः वाचेल.

सोलापुरी चादर

कागद चिकटण्यावरून लिहायचं टाळत होतो, पण राहवत नाही. नोकरीमुळे वेर्ण्याला असतो, मूळ सोलापूरचा. तिथे 'सेटलमेंट' नावाचा भाग अजून आहे. नाव ऐकून बाहेरच्याला वाटतं एखादी वसाहत असेल. ती तारेच्या कुंपणातली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेरी द्या, परवान्याशिवाय बाहेर जाऊ नका. बाळ जन्मलं की गुन्हेगार, अजून चावायला दातसुद्धा आलेले नसताना. इटलीत लोंब्रोसो नावाचा डॉक्टर १८७६ साली कवट्या मोजून 'जन्मजात गुन्हेगार' शोधत होता, त्याच काळातलं हे शास्त्र. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं गेली, ३१ ऑगस्ट १९५२ ला तार निघाली. आम्ही तो दिवस पाळतो.

माझ्या पणजोबांनी चोरी केली नव्हती. पण पाठीमागे कोणी "यांच्या रक्तातच" म्हणालं की माझी आजी अजून मान वळवून बघते. तुमच्या घरात ती गोष्ट चवथीला कौतुकाने सांगतात. एकाच वाक्याचे दोन भाव, कोणाच्या रक्ताबद्दल बोलताय त्यावर.

मांडवीकाठ

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. कौतुकाचं तुम्ही बरोबर पकडलंत.

काळाकोट

कोर्टाची बाजू थोडक्यात मांडतो, थोडक्यात म्हणजे वकिलाच्या हिशेबाने.

अमेरिकेत टेनेसी राज्यात ब्रॅडली वॉल्ड्रूप नावाच्या माणसाने बायकोच्या मैत्रिणीला गोळ्या घालून मारलं आणि बायकोवर कोयत्यासारख्या मोठ्या सुऱ्याने वार केले. होय मांडवीकाठ, कोयताच. बचाव पक्षाने सांगितलं की याच्याकडे मंद एमएओए आहे आणि लहानपणी याचे हाल झाले. २००९ साली ज्युरीने खुनाऐवजी कमी गंभीर मनुष्यवधाचा दोष दिला, एकूण शिक्षा ३२ वर्षं. फाशी टळली. त्याच वर्षी इटलीत ट्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने असाच पुरावा बघून एका खुन्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली.

मग कोणीतरी न्यायाधीशांनाच तपासलं. अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला (२०१२). आरोपी मनोविकृत असल्याचं सगळ्यांना सांगितलं, पण निम्म्यांना वर त्याचं जैविक कारणही दिलं. ज्यांना दिलं त्यांची सरासरी शिक्षा १३.९३ वर्षांवरून १२.८३ वर आली. विचित्र हे की तेच कारण उलटंही वापरता येतं: बिचारा काय करणार, म्हणून सोडा, किंवा सुधारणारच नाही, म्हणून कायमचा आत टाका.

आपल्याकडे हा डाव चालणं कठीण. वेडेपणाचं कलम (जुनं ८४, आता न्याय संहितेचं २२) विचारतं की आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का. आवरता येत होतं का, हे ते विचारत नाही. उरतो 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ'. नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तपासलं. बायकोने कबुली दिल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मधल्या वेळात नानावटींनी घरच्यांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं. एवढ्यात डोकं थंड व्हायला हवं होतं, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे आपला कायदा रक्त बघत नाही, घड्याळ बघतो.

तिरफळ

थोडक्यात!!

निनावी_बाय

हा आयडी फक्त या प्रतिसादापुरता काढलाय.

तुम्ही सगळे मारणाऱ्याच्या मेंदूत शिरून बसला आहात. मी ताटं उचलणाऱ्यांपैकी आहे. आमच्याकडे ताटांवर थांबलं नाही. माझ्या नवऱ्याचा रागही 'अनावर' होता, घराण्याचाच होता, सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "तो तसाच गो, तू मध्ये बोलू नकोस." चौदा वर्षं मी मध्ये बोलले नाही. मग एक दिवस ट्रॅफिक पोलिसाने त्याला पणजीत भर रस्त्यात गाडीतून उतरवून वाटेल तसं बोलून घेतलं. मी मागच्या सीटवर होते. मला वाटलं आता हा गेला. नवरा "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत होता, हसत होता. घरी आल्यावर दार लावलं आणि मग तो अनावर झाला. त्यातही चेहऱ्यावर कधी मारलं नाही.

ते तुमचं जनुक वर्दी ओळखतं का हो?

आता मी वेगळी राहते. मांडवीकाठ, तुमच्यावर राग नाही. तुम्ही विचारताय तरी. पण तो आरसा फोडलात तेव्हा समोरचा माणूस तुमच्यापेक्षा आडदांड होता की किडकिडीत, तेवढं आठवून बघा.

आबोली

ताई, मनापासून नमस्कार.

डॉक्टरीणबाई

निनावी_बाय, तुम्ही जे लिहिलंत त्याला आमच्या पुस्तकात वेगळं खातं आहे. डिवचलं गेल्यावर भडकून होणारी हिंसा एक आणि धाक बसवायला, माणूस निवडून केलेली हिंसा दुसरी. वर मी जे जे लिहिलं ते बहुतांशी पहिलीबद्दल आहे. दुसरीवाले पहिलीचं प्रमाणपत्र मागायला येतात. दवाखान्यात मीही पाहिलेत. तेव्हा लगेच उत्तर सुचलं नव्हतं, पुढच्या वेळी वर्दीबद्दल विचारीन.

फुकटचा सल्लागार

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकत आहे). विनोद केला होता, वरचं वाचून काढून टाकला.

मांडवीकाठ

दहा-बारा दिवसांनी येतोय. तीन गोष्टी.

एक, निनावी_बाय. माणूस किडकिडीत होता. चष्मा होता. मी हे आधी लिहिलं नाही कारण मला ते आठवायचं नव्हतं. क्षण आठवत नाही असं म्हणालो होतो, चष्मा मात्र आठवतो.

दोन, साखळीला आत्येकडे जाऊन आलो. कागदावर वंशावळ काढून नेली होती, त्या डच आजोबांसारखी. आत्येने चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, "ह्यात बायका खंय?" मी फक्त पुरुष मांडले होते. मग तिने सांगायला सुरुवात केली. आजोबांची थोरली बहीण, मला नावही माहीत नव्हतं, ती विहिरीवर आली की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तिने नवऱ्याच्या डोक्यात कळशी घातली होती. ती गोष्ट चवथीला कोणी सांगत नाही.

कोयत्याचा महिना एप्रिल, हुर्राक म्हणतात तसंच. पण त्या दिवशी आजोबा प्यायले नव्हते, असं आत्ये ठामपणे म्हणते. पिऊन ते रडायचे म्हणे. आणि एक सांगितलं. आजोबांना नवव्या वर्षी गुरं राखायला दुसऱ्या गावात एका घरी ठेवलं होतं. लहानपणी आत्ये त्यांच्या पाठीला तेल लावायची तेव्हा बोट मध्येच अडकायचं. बोटभर रुंदीचे वण होते, सहा-सात, आडवे. विचारलं की म्हणायचे, "गुरांनी केलें." कोरगुट, मला तुमचं मीठ आठवलं.

डॉक्टरीणबाई

आठवू द्या, पण एका पाठीवरून सिद्ध काही होत नाही. तसाच मार खाऊन आयुष्यभर कोणाला न मारलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांची वंशावळ कोणी काढत नाही. तिसरी गोष्ट कुठे?

मांडवीकाठ

हो, तिसरी. आबोलीताईंनी सांगितलं तशी बाईंनी वही केली. या दिवसांत तो एकदा चावला आणि दोनदा चावता चावता राहिला. तिन्ही वेळा जागा एकच: टिफिनच्या आधी हात धुवायची रांग. तिन्ही वेळा मागून कोणीतरी ढकललेलं. बाईंना मग आधीच्या खेपाही त्याच रांगेतल्या असल्याचं आठवलं. आता ते त्याला रांगेत शेवटी उभा करतात, मागे कोणीच नसतं. गेले सहा दिवस शांतता. रांगेत सगळ्यांनाच ढकललं जातं, चावतो मात्र एकटा हाच, हेही बाई म्हणाल्या. ते मी विसरलेलो नाही. गुरुवारी बांबोळीला मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मोठ्यांचे कुठे बसतात तेही विचारून ठेवलंय.

आबोली

वही बरोबर न्या. तोंडी सांगू नका, वहीच दाखवा.

तिरफळ

माझा पहिला प्रतिसाद सर्वांनी पुन्हा वाचावा. फी नको, हुर्राकची एक बाटली चालेल.

हुर्राक

हंगाम संपला. कोकम सरबत पाठवतो.